शुभेच्छापत्र करता करता हात तपासा

डिसेंबर संपत आला की शाळाशाळांतून रंगीत कागद, कात्र्या आणि डिंकाच्या बाटल्या बाहेर निघतात. नवे वर्ष येते, त्यामागोमाग संक्रांत येते. आमच्या एटापल्ली तालुक्यात याच सुमारास सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतील माणसे एकमेकांना भेटतात. हल्ली शुभेच्छा मोबाईलवरून क्षणात जातात. तरीही मुलाने स्वतःच्या हाताने केलेले कार्ड आईवडील वर्षानुवर्षे ट्रंकेत जपून ठेवतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आरोग्याच्या सदरात शुभेच्छापत्रांचा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण एक लहानसा प्रसंग आहे.

सूरजागड परिसरातील एका आश्रमशाळेत मुलांच्या तपासणीसाठी गेलो होतो. एका खोलीत नववीची मुले कार्डे करीत बसली होती. कार्डाची कड मेणबत्तीवर किंचित जाळली की ती तपकिरी होते आणि जुन्या पत्रासारखी दिसते. हा उद्योग मुलांना फार आवडतो. कागद पेटत जवळ आला की बाकीची मुले झटकन हात मागे घेत होती. एक मुलगा मात्र शांतपणे कार्ड धरून होता. त्याच्या करंगळीला ज्योत लागली तरी त्याने हात हलवला नाही. शेजारचा मुलगा ओरडला तेव्हा त्याने बोटाकडे पाहिले. करंगळीवर फोड आला होता.

"दुखत नाही का रे?" मी विचारले.

"नाही साहेब. ते बोट झोपूनच राहते," तो म्हणाला.

शर्टाची बाही वर केली तेव्हा कोपराच्या वर पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, फिकट चट्टा दिसला. तेथे कापसाचा स्पर्श त्याला कळत नव्हता. कोपराच्या मागच्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत होती. त्याला कुष्ठरोगाची लागण झाली होती. चट्टा दोन वर्षांपासून होता. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. एका कार्डामुळे तो वेळेवर सापडला.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यात कुष्ठरुग्ण अधिक सापडणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहेत. म्हणून कार्डे करण्याचे हे दिवस हात तपासण्याचेही दिवस समजावेत, असे मला सुचवावेसे वाटते.

बोटे झडतात कशी?

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू शोधला. हा जंतू त्वचेत आणि नसांमध्ये राहतो. कोपराच्या मागून जाणारी नस करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवते, आणि बोटे जवळ आणणाऱ्या व फाकवणाऱ्या बारीक स्नायूंना हुकूम देते. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही नस. ती सुजली की प्रथम बोट बधिर होते, मग हाताची पकड ढिली पडते आणि पुढे बोटे आत वाकून पंजा नखरासारखा होतो.

रोग बोटे खातो, हा समज चुकीचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाच्या ध्यानात आणून दिली. बोटे जातात ती दुखापतींमुळे. गरम भांडे, बिडीचे टोक, कात्रीची धार आणि रात्री कुरतडणारा उंदीर यांपैकी काहीच कळत नाही. जखम होते, दुखत नाही म्हणून काम चालू राहते, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट हळूहळू आखूड होते. वेदना ही आपली पहारेकरी आहे. ती गेली की घर उघडे पडते.

कार्डाच्या कागदानेच करावयाची तपासणी

हात तपासताना डॉक्टर ज्या चाचण्या करतात, त्यांतील दोन चाचण्यांना कागदाचा तुकडाच लागतो. वर्गातील शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस त्या सहज करू शकते.

पहिली चाचणी. मुलाला बोटे सरळ ठेवायला सांगा. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी ठेवा आणि ती घट्ट धरायला सांगा. आता पट्टी हळूच ओढा. निरोगी हात ती चांगली धरून ठेवतो. पट्टी सहज सुटली तर दुसऱ्या हाताशी तुलना करा.

दुसरी चाचणी. दोन्ही हातांचा अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यामध्ये एकच कागद धरायला सांगा आणि दोन्ही बाजूंना ताणायला सांगा. एका हाताच्या अंगठ्याचे टोक आकड्यासारखे वाकले, तर त्या हाताचा बारीक स्नायू दुबळा झाला आहे असे समजावे. मोठा स्नायू त्याचे काम करू पाहतो, म्हणून टोक वाकते.

तिसरी चाचणी स्पर्शाची. मुलाला डोळे मिटायला सांगा. कापसाच्या बोळ्याने किंवा कोंबडीच्या पिसाने हाताला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करा. स्पर्श झालेल्या जागी त्याने दुसऱ्या हाताचे बोट ठेवावे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर त्यावरही हीच चाचणी करावी.

याशिवाय काम करताना काही खुणा दिसतात. कात्री वारंवार हातातून निसटणे, पेन्सिलची पकड अलीकडे बदलणे, डिंकाचा गारवा एका बोटाला न जाणवणे, एका हाताला घाम न येणे, किंवा बोटांवर भाजल्या-कापल्याच्या अशा खुणा असणे की ज्या कधी झाल्या हे सांगता येत नाही.

यातील काही आढळले म्हणजे कुष्ठरोगच झाला, असे मात्र समजू नये. मधुमेह, मानेच्या मणक्यांचा विकार, मनगटातील नस दबणे, दारूचे व्यसन, जीवनसत्त्वांची कमतरता यांमुळेही हात बधिर होतात. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे. तुमचे काम एवढेच की शंका आली तर वेळ न घालवता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. वर्गात तपासणी करताना कोणाचेही नाव सर्वांसमोर घेऊ नये. मुलाला बाजूला घेऊन सांगावे.

वेळेचे महत्त्व

कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. १९८०च्या दशकात आपल्या देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला. सौम्य प्रकारात ६ महिने आणि अधिक चट्टे किंवा नसा बाधित असतील तर १२ महिने गोळ्या घ्याव्या लागतात. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. गोळ्यांमुळे लघवी लालसर होते आणि काहींची त्वचा काळसर पडते. त्याला घाबरून औषध सोडू नये. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका राहत नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाला उपजतच प्रतिकारशक्ती असते. म्हणून मुलाची शाळा बंद करण्याचे, त्याचे ताट वेगळे करण्याचे किंवा त्याला वसतिगृहातून घरी पाठवण्याचे काहीच कारण नाही. घरच्या आणि जवळच्या माणसांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषधाची एक मात्रा देण्याची सोयही आता आहे.

पण गोळ्या जंतू मारतात, मेलेली नस जिवंत करीत नाहीत. नस सुजून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी तिचे काम पुष्कळ अंशी परत येऊ शकते. उशीर झाला की बधिरता कायमची राहते. म्हणूनच चट्टा दुखत नाही याचा आनंद मानू नये. न दुखणारा चट्टा हाच संशयाचा.

साहित्य साधे, पण पारखून घ्यावे

आता कार्डाकडे वळू. बाजारातून महाग साहित्य आणण्याची गरज नाही. जाड पांढरा कागद, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, बोथट टोकाची कात्री, पट्टी आणि पेन्सिल एवढे पुरते. चिकटवण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ करावी, अथवा धावड्याचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्यावा.

रंग आपल्या परिसरातच आहेत. सागाचे कोवळे पान बोटांनी चुरडले की लाल रंग सुटतो. पळसाची फुले पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग मिळतो. फाल्गुनात ती वाळवून ठेवली तर पुढच्या डिसेंबरात कामाला येतात. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबूस, कोळशाचा काळा. हळदीत चिमूटभर चुन्याची निवळी घातली की रंग लाल होतो, ही गंमत मुलांना विज्ञानाच्या तासालाही दाखवता येईल. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून कार्ड सावलीत वाळवावे.

जंगलातील सर्वच वस्तू निरुपद्रवी नसतात. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

बिब्ब्याच्या रसाची शाई पक्की असते, म्हणून मुलांना तिचा मोह होतो. हा रस त्वचेला लागला तर फोड येतात आणि जखम होते. बिब्बा कार्डासाठी कधीही वापरू नये.

गुंजेचे लाल-काळे दाणे कार्डावर फार सुंदर दिसतात. पण दाणा चावला किंवा भोक पाडताना फुटला तर त्यातील विष जिवावर बेतू शकते. लहान मुले असलेल्या घरात गुंजा आणूच नयेत. करंजाच्या किंवा सीताफळाच्या बियाही तोंडात घालू देऊ नयेत.

चुना हाताळण्याचे काम मोठ्यांनी करावे. डोळ्यात चुना गेला तर डोळा चोळू नये. ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी आणि लगेच दवाखाना गाठावा. डोळ्यावर काहीही घरगुती औषध घालू नये.

पुस्तक बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे. मुलांच्या खळीत मोरचूद नको. खळ रोज ताजी करावी.

उग्र वासाचे सोल्युशन आणि थिनर मुलांच्या हातात देऊ नयेत. त्यांचा वास हुंगण्याचे व्यसन लागते आणि मेंदू, यकृत व हृदय यांना इजा होते. भिंतीचे किंवा लोखंडाचे उरलेले तैलरंगही वापरू नयेत. विशेषतः जुन्या डब्यांतील पिवळ्या आणि लाल रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

कार्ड कसे करावे?

पाने आणि गवताची पाती जुन्या वर्तमानपत्रात ठेवून वर जड दगड किंवा पुस्तके ठेवावीत. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलावा. आठ-दहा दिवसांत पाने सपाट वाळतात. इस्त्री फिरवून पाने वाळवण्याची घाई करू नये.

आठ इंच लांब आणि सहा इंच रुंद कागद घ्यावा. तो मध्यावर दुमडला की सहा बाय चार इंचांचे कार्ड होते. दुमडण्यापूर्वी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने मध्यावर रेघ ओढावी, म्हणजे घडी सरळ येते. घडी एका बाजूने फाटल्यासारखी होत असेल तर कागद आडवा करून पाहावा. कागदाच्या तंतूंच्या दिशेने घडी स्वच्छ बसते.

पानाच्या मागच्या बाजूला खळीचा पातळ हात फिरवावा आणि पान कार्डावर ठेवून वरून कोरा कागद दाबावा. कड सजवायची असेल तर ती हाताने फाडून गेरूच्या पाण्याचा बोळा फिरवावा. जाळलेल्या कडेसारखीच दिसते. मेणबत्तीची गरज राहत नाही. शेवटी आत दोन ओळी आपल्या अक्षरात लिहाव्यात.

या साध्या कामात हाताला चांगला व्यायाम होतो. कात्रीने अंगठ्याची उघडझाप होते, घडीने बोटांची टोके दाबायला शिकतात, कुंचल्याने मनगट स्थिर होते. लकव्यानंतर हात हळूहळू सुधारत असलेल्या वृद्धांनाही हे काम द्यावे. आजोबांनी कागद फाडावा आणि नातवाने चिकटवावा. दोघांचेही हात आणि मन गुंततात.

बधिर हाताने काम करताना

ज्यांच्या हाताला बधिरता राहिली आहे त्यांनी कार्डे करू नयेत, असे मुळीच नाही. फक्त वेदनेचे काम डोळ्यांना द्यावे. बोट कोठे आहे हे पाहूनच कात्री चालवावी. ब्लेड वापरू नये. पट्टी ठेवून कागद फाडावा. कात्रीच्या कड्यांना आणि कुंचल्याच्या दांड्याला कापडाची चिंधी गुंडाळावी. दांडा जाड झाला की पकड सैल ठेवूनही चालते. बधिर हात गरजेपेक्षा फार जोर लावतो आणि त्यामुळे फोड येतात. दर वीस मिनिटांनी काम थांबवून तळहात पाहावा. एखादी जागा लाल किंवा गरम वाटली तर त्या दिवशी काम बंद ठेवावे. हाताची ऊब बधिर हाताला कळत नाही, म्हणून ती दुसऱ्या चांगल्या हाताने किंवा गालाला लावून पाहावी.

रात्री दोन्ही हात वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत. कडक कातडी खडबडीत दगडाने हलकेच घासावी, मात्र जखम असेल तेथे घासू नये. हात न पुसता ओलसर असतानाच खोबरेल किंवा मोहाच्या बियांचे तेल लावावे. बोटे वाकू लागली असतील तर पंजा मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू सरळ करावीत. जखम झालीच तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे आणि त्या बोटाला विश्रांती द्यावी. जखमेला सर्वांत मोठे औषध विश्रांतीचेच.

वाकलेल्या हातांनी काय होते, हे पाहायचे असेल तर आपल्याच भागात वरोऱ्याजवळचे आनंदवन आहे. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तेथे सुरुवात केली. रुग्णांनी खडकाळ जमीन लागवडीखाली आणली, विहिरी खोदल्या, हातमाग चालवले. तेथे बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी आणि अपंग बांधवांनी केलेली शुभेच्छापत्रे घरोघरी गेली आहेत. दान घेणारा हात खाली राहतो आणि काम करणारा हात वर येतो, ही त्यामागची दृष्टी. डॉक्टर म्हणून मी एवढेच जोडीन की कामात असलेला हात रोज डोळ्यांसमोर राहतो, आणि डोळ्यांसमोर राहिलेल्या हाताची काळजी घेतली जाते. लपवलेल्या हाताची घेतली जात नाही.

त्या आश्रमशाळेतील मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून लेख संपवतो. रोगाचे नाव ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. "साहेब, मला शाळेतून काढतील का?" असे त्याने विचारले. शिक्षकांशी बोलणे झाले, त्याच्या गावी जाऊन घरच्यांची तपासणी झाली. मुलगा शाळेतच राहिला. बारा महिन्यांच्या गोळ्या त्याने एकही दिवस न चुकवता घेतल्या. नसेच्या सुजेवरही वेळेत औषध मिळाले. अनामिकेत स्पर्श परत आला आहे. करंगळीच्या टोकाला थोडी बधिरता राहिली आहे आणि ती बहुधा राहील. पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा कार्डे करायला बसला, तेव्हा कागद पट्टी लावून फाडत होता आणि मधूनमधून करंगळी गालाला लावून पाहत होता.

३० जानेवारी हा कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळला जातो. तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. या आठवड्यात मुले कार्डे करायला बसतील, तेव्हा कागदाची एक पट्टी बाजूला काढून ठेवा आणि प्रत्येकाच्या बोटांमध्ये धरून एकदा ओढून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. एखाद्याचा हात त्याने वाचेल.